राहून गेलेली रेघ

माणसानं आपली चूक वेळेवर कबूल करावी, नाहीतर तिला पाय फुटतात. आमच्या पट्टीवाल्यांच्या चुकीला नुसते पाय फुटले नाहीत, तिला चांगलं हजारोंचं भक्तमंडळ मिळालं.

पट्टीवाले म्हणजे पुस्तकांतले नकाशे आणि वंशावळी काढून देणारे गृहस्थ. एकतीस वर्षं एकाच प्रकाशनाचं काम करतायत. त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीवर असेल तेवढंच, बाकी सगळ्यांचे ते पट्टीवाले. कामाची पद्धत पहिल्या दिवसापासून ठरलेली. आधी कागदावर सगळी नावं लिहायची. मग प्रत्येक नावाच्या डोक्यावर पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. मग पट्टी लावून त्या ठिपक्यापासून वर बापाच्या नावापर्यंत शाईची रेघ ओढायची. शेवटी नावं मोजायची, रेघा मोजायच्या, आकडे जुळले की पेन्सिल खोडून टाकायची. त्यांचं काम पुन्हा तपासायच्या भानगडीत कुणी पडत नसे. "पट्टीवाल्यांचं आहे ना? मग छापा," असं खुद्द मालकच म्हणायचे, आणि तिथेच घात झाला.

'गरुडगादी' ही आठ भागांची कादंबरी त्याच प्रकाशनाची. उंच डोंगरावरचं राज्य, राजा भल्यामोठ्या गरुडावर बसून फिरतो, आणि गरुडाचा नियम असा की राजाच्या रक्ताचं माणूस सोडून कुणाला पाठीवर बसू देत नाही. लिहिणाऱ्या बाई सत्तरीच्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणत. पोरंसोरं सोडा, चांगले दाढी पिकलेले लोक त्या पुस्तकांसाठी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभे राहतात.

नऊ वर्षांपूर्वी तिसऱ्या भागाची वंशावळ काढताना पट्टीवाले राजकन्येच्या ठिपक्यापाशी आले आणि त्यांचं पेन तुंबलं. उठले, बेसिनपाशी जाऊन पेन धुतलं, फडक्यानं पुसलं, परत येऊन बसले आणि सुरू झाले ते पुढच्या ठिपक्यापासून. बरं, मोजताना तरी कळावं! पण त्या दिवशी त्यांनी रेघांच्या ऐवजी ठिपके मोजले. आकडे जुळले. पेन्सिल खोडली. पुस्तक छापून घरी आलं, त्यांनी कौतुकानं पान उघडलं, आणि बघतात तर काय! राजाच्या नावाखाली राजकन्या बसलेली, पण दोघांच्या मध्ये रेघच नाही. बिचारी आई ना बाप अशी अधांतरी लटकलेली.

आता सरळ जाऊन मालकांना सांगायचं की नाही? नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला. महिन्याचं वर्ष झालं. कुणी बोललं नाही, बाईंनीही काही विचारलं नाही, पण त्यानंतर बाई त्यांना कधी भेटल्याही नाहीत. पूर्वी वंशावळीचं कच्चं चित्र घेऊन स्वतः यायच्या, चहा प्यायच्या, गप्पा मारायच्या. तिसऱ्या भागानंतर चित्र पाकिटातून यायला लागलं. पट्टीवाल्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. बाईंनी चूक पाहिली आहे, आणि बाई रागावल्या आहेत.

आणि मग वाचकांना ती रेघ दिसली. म्हणजे न दिसलेली रेघ दिसली! चौथ्या भागात गरुड राजकन्येला चावला होता. राजकन्या डावखुरी, आणि किल्ल्यावरचा म्हातारा घंटावालाही डावखुरा. ती झोपताना जी धून गुणगुणते ती घंटेच्या ठोक्यांची आहे, असंही कुणीतरी शोधून काढलं. एवढ्यावर लोक नुसती कुजबुज करत होते. रेघ सापडली आणि कुजबुजीचा डांगोरा झाला: राजकन्या राजाची मुलगी नाहीच, ती घंटावाल्याची!

हा डांगोरा पिटण्यात सगळ्यात पुढे कोण असावं? पट्टीवाल्यांची लेक.

एकुलती एक, चोवीस वर्षांची, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींचे आराखडे काढणारी. हात बापाचा, जीभ आईची. 'गरुडगादी' वाचत मोठी झालेली. तिनं वर्षभरापूर्वी वाचकांच्या गटावर एक लांबलचक लेख लिहिला होता. गरुडाचं, घंटेचं, डाव्या हाताचं सगळं त्यात होतं, पण खरा मुद्दा शेवटचा: "ही वंशावळ माझ्या बाबांनी काढली आहे. एकतीस वर्षांत माझ्या बाबांची एक रेघ चुकलेली नाही. त्यांनी रेघ काढली नाही याचा अर्थ एकच, त्यांना ती काढू नका असं सांगितलेलं होतं." झालं! हजारो लोकांनी मान डोलावली. खुद्द चित्रकाराच्या घरातून बातमी आली म्हटल्यावर काय हो!

लेख लिहिण्याआधी तिनं बापाला विचारलंही होतं. "बाबा, खरं सांगा, बाईंनीच सांगितलं होतं ना?" तेव्हा तरी बोलायचं! पट्टीवाले म्हणाले, "ऑफिसचं काम मी घरी बोलत नसतो." पोरीला वाटलं, बाबा गुपित सांभाळतायत. तिनं आनंदानं टाळी वाजवली. पट्टीवाल्यांना त्या टाळीचा आवाज वर्षभर ऐकू येत होता.

कारण हिशेब सरळ होता. आठवा, शेवटचा भाग येणार. त्यात राजकन्या राजाचीच निघाली की लोक लेकीला हसणार. आणि हसले तर हसू देत, चार दिवस हसतील. पण आपला बाप चुकला, आणि वर तोंड मिटून बसून आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढू दिलं, हे तिला कळणार. ते त्यांना नको होतं. नोकरी गेली असती तर एवढं वाटलं नसतं.

त्या सकाळी मालकांचा फोन आला. "पट्टीवाले, आठवा भाग झाला लिहून. बाईंनी तुम्हाला घरी बोलावलंय. आजच. आणि म्हणाल्या, येताना तिसरा भाग घेऊन या."

पट्टीवाल्यांच्या हातातला चहा बशीत आला.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुमचा आवाज असा कोंबडीसारखा का येतोय?"

लेकीच्या खोलीचं दार बंद होतं. तीन दिवस तिचं डोकं दुखत होतं, ऑफिसला गेली नव्हती, धड जेवतही नव्हती. पट्टीवाल्यांनी दारावर टकटक केली, "बयो, येतो गं मी," म्हणाले. आतून नुसतं "हं" आलं. तिसरा भाग पिशवीत घालून ते निघाले. आज काय तो निकाल लागणार होता.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना पट्टीवाले तीनदा थांबले, आणि प्रत्येक वेळी थांबायचं कारण गुडघे नव्हते. दार बाईंनीच उघडलं. नऊ वर्षांत केस पांढरेशुभ्र झाले होते, बाकी नजर तीच. खोलीभर कागद. जमिनीवर, खिडकीत, स्टुलावर. टेबलावर तिसरा भाग उघडा पडलेला, नेमका वंशावळीच्या पानावर. म्हणजे बाईंकडे होतंच पुस्तक. मग आणायला का सांगितलं होतं, देव जाणे. गुन्हेगाराला स्वतःचं हत्यार आणायला सांगतात तसं असावं.

"बसा," बाई म्हणाल्या. स्वतः मात्र उभ्याच राहिल्या. "एकच विचारते. कधी कळलं तुम्हाला?"

पट्टीवाल्यांनी मान खाली घातली. "पुस्तक छापून घरी आलं त्या दिवशी."

"नंतर कळलं? मग आधी कशी सोडलीत रेघ?"

"बाई, मला माफ करा. मी तेव्हाच येऊन बोलायला हवं होतं."

"नको, नको!" बाईंनी दोन्ही हात वर केले. "बोलला नाहीत हेच तर उपकार झाले. नऊ वर्षं! मी रोज वाट पाहत होते, आज हा माणूस कुठंतरी बोलून जाणार. कच्च्या चित्रात रेघ मी मुद्दाम दाखवली होती, म्हणजे कुणाला संशय यायला नको. मालकांना माहीत नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही. पहिल्या भागात घंटावाला डाव्या हातानं दोर ओढतो, एवढं एकच वाक्य मी टाकलं होतं तोवर. आणि तुम्ही त्यावरून ओळखलंत! ओळखलंत आणि रेघ गाळून मला कळवलंत, की बाई, मला माहीत आहे. मला घाम फुटला हो. तुमच्यासमोर यायची हिंमत होईना. तुम्ही एखादा प्रश्न विचारला असतात तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं."

पट्टीवाले बघतच राहिले. डोक्यात काही केल्या शिरेना.

"म्हणजे... राजकन्या..."

"घंटावाल्याचीच की! पहिल्या पानापासून. हे काय आता मला विचारताय?"

"तुम्ही रागावला नव्हतात?"

"रागावेन कशी? घाबरले होते मी तुम्हाला!"

इथे गप्प बसता आलं असतं. बाईंच्या नजरेत ते जगातले सगळ्यात चाणाक्ष वाचक ठरले होते. पण नऊ वर्षं गप्प बसून माणूस किती दमतो हे त्यांनाच ठाऊक.

"बाई," ते म्हणाले, "पेन तुंबलं होतं."

"काय?"

"पेन. शाई येईना. धुवायला उठलो, परत येऊन पुढच्या ठिपक्यापासून सुरू केलं. मोजताना ठिपके मोजले. मी काही ओळखलं नव्हतं. मला आत्ता, तुम्ही सांगितल्यावर कळलं."

बाई खाली बसल्या. खुर्चीत नव्हे, खुर्चीवरच्या कागदांवर. एकदा पट्टीवाल्यांकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे पाहिलं, आणि मग सत्तरीची ती बाई अशी हसत सुटली की डोळ्यांतून पाणी, चष्मा कपाळावर, ठसका लागला तो वेगळाच. पट्टीवाल्यांनी धावत जाऊन पाणी आणलं. पाणी देता देता तेही हसायला लागले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, आणि त्या कावळ्याच्या भीतीनं झाडानं नऊ वर्षं श्वास रोखून धरावा, असला प्रकार!

"आणि मी त्या रेघेपायी पुढचे पाच भाग किती जपून लिहिले," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "रेघ दुरुस्त करा म्हणावं, तर वाचक दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बसले असते. तुमच्या मुलीचा लेख वाचला त्या दिवशी तर मला जेवण गेलं नाही. वाटलं, फोडलं यांनी घरात."

"तिनं फक्त एवढंच लिहिलं होतं की माझा बाप चुकत नाही."

"चुकीच्या वाटेनं बरोबर घरी पोचली पोरगी. पोचू दे." बाईंनी आठव्या भागाच्या वंशावळीचं कच्चं चित्र पुढे केलं. "ही रेघ घंटावाल्यापर्यंत. पेन आधीच धुऊन ठेवा या वेळी. आणि पुस्तक बाजारात येईपर्यंत हे कुणालाही सांगायचं नाही. लेकीला तर नाहीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वचन द्या."

पट्टीवाल्यांनी वचन दिलं. जिना ते उतरले की तरंगले ते त्यांनाच कळलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला होता! लेकीचं म्हणणं खरं ठरणार, लोक तिला डोक्यावर घेणार, आणि रेघ चुकून राहिली होती हे कुणाला कधी कळायचंच नाही. बाई बोलणार नव्हत्या, ते बोलणार नव्हते. बापाचा मान जिथल्या तिथं. रस्त्यात त्यांनी उगाचच एका अनोळखी माणसाला नमस्कार केला.

घरी आले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बायकोनं त्यांचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "गेलात तेव्हा कोंबडी, आलात ते मोर होऊन. बरं, मोर, आता लेकीकडे बघा जरा. आतून रडण्याचा आवाज येतोय, मला सांगत नाहीये."

पट्टीवाले आत गेले. लेक पलंगावर बसली होती, मांडीवर आराखड्याची गुंडाळी, नाक लाल.

"डोकं फार दुखतंय का गं?"

"डोकं नाही दुखत," ती म्हणाली. "दुखतच नव्हतं." आणि मग बांध फुटला. तिच्या ऑफिसानं एका दवाखान्याचं काम घेतलं होतं. औषधांच्या कोठीचा आराखडा हिनं काढलेला. चार भिंती काढल्या, मापं टाकली, खिडकी दाखवली, आणि दार दाखवायचं राहिलं. गवंड्यानं कागदाप्रमाणे काम केलं, भिंती पार छतापर्यंत नेल्या. आता खोली तयार आहे आणि तिच्यात जायला दारच नाही. साहेबांनी जागेवर जाऊन गवंड्यालाच झापलं, "डोळे फुटले होते का?" म्हणून. त्याला कामावरून काढायची भाषा चालली आहे. आणि खरी चूक दाखवणारा मूळ कागद हिच्याकडे.

"मग सांगितलं का नाहीस साहेबांना?"

"कसं सांगू? लाज वाटते मला. आणि तुम्हाला तर कुठल्या तोंडानं सांगणार? तुमची एकतीस वर्षांत एक रेघ चुकली नाही. मी सगळ्या जगाला सांगत फिरते, माझे बाबा असे, माझे बाबा तसे. आणि मी अख्खं दार विसरले, बाबा! मी तुमची मुलगी शोभत नाही."

पट्टीवाल्यांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्या मानाला जपत ते तरंगत घरी आले होते, तोच मान पोरीच्या छातीवर धोंड्यासारखा बसला होता. ते तिच्याशेजारी पलंगावर बसले. बाईंना दिलेलं वचन एका गोष्टीचं होतं. दुसरी गोष्ट त्यांची स्वतःची होती, ती सांगायला कुणाची परवानगी नको होती.

"बयो, तिसऱ्या भागातली ती रेघ मी विसरलो होतो."

तिनं डोळे पुसता पुसता हात थांबवला. "म्हणजे?"

"म्हणजे विसरलो. पेन तुंबलं, धुवायला गेलो, परत येऊन पुढचं काढलं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं."

"पण मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ऑफिसचं घरी बोलत नाही..."

"घाबरून म्हणालो. तुझं तोंड एवढं फुललं होतं, मला सांगवेना. तिथून पुढे रोज अवघड होत गेलं. नऊ वर्षं झाली, कुणाला बोललो नाही. तुझ्या आईलासुद्धा."

लेक उठून उभी राहिली. "आणि मला तो लेख लिहू दिलात! वर्षभर लोकांशी भांडले मी! गटावरच्या एका बाईला मी 'माझ्या बाबांचा हात यंत्रासारखा आहे' असं लिहिलंय, बाबा!"

"चुकलं माझं."

"यंत्रासारखा!"

"यंत्रंसुद्धा तुंबतात गं," पट्टीवाले हळूच म्हणाले.

ती रागानं बघत राहिली, बघत राहिली, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला. "खरंच पेन तुंबलं? एवढंच?" "एवढंच." मग ती फिस्सकन हसली, हसता हसता पुन्हा रडली, आणि धपकन बापाशेजारी बसून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले होते. पट्टीवाल्यांना तर वाटलं, आपल्याच अंगावरून कुणीतरी कपाट उचललं.

दारात बायको कधीची उभी होती. "एकतीस वर्षांत एक चूक म्हणे! मला विचारा. मागच्या महिन्यात कुलूप लावून किल्ली आत ठेवून आले, दोन तास जिन्यात बसलो आम्ही. माझ्या भावाच्या लग्नाला एक दिवस आधी घेऊन गेले मला. यांची वंशावळ मी काढते, थांबा."

"आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तुला यंत्र हवं होतं."

लेक पुन्हा हसली. मग एकदम म्हणाली, "म्हणजे माझा सिद्धांतही गेला. रेघच गेली म्हटल्यावर उरलं काय?"

पट्टीवाल्यांनी मिठाची गुळणी धरली. ओठ आवळले, छताकडे पाहिलं. तरी राहवेना. "गरुड चावला होता, ते आहेच की."

"समजूत काढू नका, बाबा. गेला तर गेला. मी आजच गटावर लिहून टाकते." आणि गंमत म्हणजे तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तिनं गुंडाळी उघडली, दार कुठं यायला हवं होतं ते बोटानं दाखवलं, आणि बापलेक भिंत किती तोडावी लागेल याची मापं काढत बसले. पट्टीवाल्यांनी आतल्या आत बाईंना शंभर शिव्या दिल्या आणि वचन पाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसला गेली. पट्टीवाले टेबलापाशी बसले, पण कागदाला हात लावला नाही. नऊ वाजले, दहा वाजले. बायकोनं दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा तो गार झाला. तिला काढून टाकलं तर? सगळ्यांच्या देखत बोलले तर? साडेअकराला फोन वाजला.

"सांगितलं, बाबा."

"मग?"

"खूप ओरडले. सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं. मग म्हणाले, भिंत तोडायची तिथं तू स्वतः उभी राहा. मग मी जागेवर गेले, गवंडीमामांची माफी मागितली. ते म्हणाले, मुली, मलाही वाटलंच होतं इथं दार हवं म्हणून, पण तुमच्या कागदापुढे आम्ही कोण बोलणार! आत्ता हातोडा घालतायत. ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं. ठाक, ठाक, आणि विटा पडल्याचा आवाज. पट्टीवाल्यांच्या जिवात जीव आला. डोळे भरले ते त्यांनी बायकोपासून लपवलेही नाहीत.

"आणि एक सांगू? रागवू नका. साहेबांना तुमचंही सांगितलं मी."

"माझं काय सांगितलंस?"

"की माझ्या बाबांची एक रेघ राहिली होती, आणि ते नऊ वर्षं कुणाला बोलले नाहीत." पलीकडे ती मोठ्यांदा हसली. "मी तीन दिवसांत बोलले, बाबा!"

"शाबास गं," पट्टीवाले म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसते हसत बसले.